कालची बालविजेती आज कोठे आहे?

वडीलधाऱ्यांचा मान राखण्याची शिकवण आपल्या घरांतून मुलांना अगदी लहानपणापासून दिली जाते. पंगतीत पहिले पान थोरांचे, बैठकीत पहिली जागा थोरांची आणि वादात शेवटचा शब्दही बहुधा थोरांचाच. ही शिकवण योग्यच आहे. परंतु मनुष्यजीवनात अशीही काही क्षेत्रे आहेत की, तेथे वयाचा दाखला कोणी विचारीत नाही. श्रीज्ञानेश्वरांनी गीतेवरील आपली टीका शके १२१२ मध्ये पूर्ण केली, तेव्हा परंपरेप्रमाणे त्यांचे वय अवघे पंधरा-सोळा वर्षांचे होते. १९८९ साली कराचीच्या मैदानावर सचिन तेंडुलकर आपला पहिला कसोटी सामना खेळावयास उतरला, तो सोळाव्या वर्षी. अशी उदाहरणे ऐकली म्हणजे आपण कौतुकाने मान डोलावतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. आमच्या मते येथेच थोडे थांबून विचार करावयास हवा. लहान वयात थोरांना जिंकणे कसे शक्य होते? सर्वच खेळांत ते सारखेच हितकारक असते काय? आणि जिंकलेल्या त्या बालकाचे पुढे काय होते? या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आम्ही योजिला आहे. उदाहरणे मुख्यतः मुलींची घेतली आहेत. कारण मुलींच्या बाबतीत हे प्रश्न अधिक तीव्र होतात.

पहिले उदाहरण नागपूरचे आहे. २०२५ सालच्या जुलै महिन्यात जॉर्जिया देशातील बातुमी या काळ्या समुद्राकाठच्या शहरी महिलांची विश्वचषक बुद्धिबळ स्पर्धा झाली. १०७ खेळाडूंनी तीत भाग घेतला. ही स्पर्धा बाद पद्धतीची असते. म्हणजे एक सामना हरला की खेळाडूने घरी परतावयाचे. नागपूरची दिव्या देशमुख त्या वेळी १९ वर्षांची होती आणि मानांकनात तिचा क्रमांक १५ वा होता. साहजिकच, ती अंतिम फेरी गाठील असा अंदाज फारच थोड्यांनी केला असेल. परंतु तिने दुसरे मानांकन असलेल्या चीनच्या झू जिनेरला बाद केले. उपांत्यपूर्व फेरीत आपल्याच देशाच्या अनुभवी द्रोणवल्ली हरिकेला हरविले. आणि उपांत्य फेरीत जगज्जेतेपद भूषविलेल्या तान झोंगयीवर मात केली. या शेवटच्या सामन्यातील निर्णायक डाव १०१ चालींपर्यंत चालला होता. हरिका व तान या दोघीही तिच्याहून सुमारे चौदा-पंधरा वर्षांनी मोठ्या.

अंतिम सामन्यात तिच्यासमोर बसल्या त्या आंध्र प्रदेशच्या कोनेरू हम्पी. त्यांचे वय ३८ होते, म्हणजे दिव्याच्या वयाच्या बरोबर दुप्पट. दोन्ही दीर्घ डाव बरोबरीत सुटले. मग २८ जुलै रोजी जलद डाव खेळविण्यात आले. त्यांपैकी पहिलाही बरोबरीत गेला. दुसऱ्या डावात दिव्याकडे काळी मोहरी होती. वेळ संपत आली असता हम्पींच्या हातून चूक झाली, तिचा लाभ दिव्याने उठविला आणि सामना अडीच विरुद्ध दीड गुणांनी जिंकला. या विजयाबरोबर नियमानुसार तिला ग्रँडमास्टर ही बुद्धिबळातील सर्वोच्च पदवीही मिळाली. हा मान मिळविणारी ती भारतातील चौथी महिला. गुजरातच्या वाचकांना ती अपरिचित नसावी; कारण त्याच्या आदल्या वर्षी, जून २०२४ मध्ये, गांधीनगर येथे झालेली वीस वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा तिनेच अकरापैकी दहा गुण मिळवून जिंकली होती.

वृत्तपत्रांनी या लढतीचे वर्णन तरुण पिढीने प्रौढ पिढीवर मिळविलेला विजय, असे केले. ते खोटे नव्हे. परंतु अपुरे आहे. कोनेरू हम्पी या काही जन्मतःच प्रौढ नव्हत्या! २००२ साली त्या ग्रँडमास्टर झाल्या, तेव्हा त्यांचे वय १५ वर्षे १ महिना २७ दिवस होते. इतक्या लहान वयात जगातील कोणत्याही मुलीने ही पदवी तोपर्यंत मिळविलेली नव्हती. हंगेरीच्या यूडिट पोल्गारचा विक्रम त्यांनी मोडला होता. त्या वर्षी दिव्याचा जन्मही झालेला नव्हता. तेव्हा बातुमीच्या पटावर समोरासमोर बसल्या होत्या त्या दोन बालविजेत्याच. एक कालची, एक आजची. कालची बालविजेती तेवीस वर्षांनंतरही जगाच्या अंतिम सामन्यात बसू शकते, ही गोष्ट आम्हांस दिव्याच्या विजयाइतकीच महत्त्वाची वाटते. तिचे महत्त्व कशात आहे, ते पुढे स्पष्ट होईल.

मराठी माणसाला हा देखावा नवा नाही. भारतात महिलांची राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा १९७४ साली सुरू झाली. पहिले विजेतेपद मिळविले ते मुंबईच्या वासंती खाडिलकर हिने. वासंती, जयश्री व रोहिणी या तिघी सख्ख्या बहिणी. 'नवाकाळ'चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या त्या कन्या आणि नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या पणत्या. स्पर्धेच्या पहिल्या दशकात राष्ट्रीय विजेतेपद या एकाच घरात फिरत राहिले. तिघींत धाकटी रोहिणी १९७६ साली राष्ट्रीय विजेती झाली, तेव्हा ती अवघी तेरा वर्षांची होती. म्हणजे आमच्या या शाळेत असती, तर आठवीच्या वर्गात बसली असती! पुढे तिने हे पद एकूण पाच वेळा मिळविले. जयश्री १९७९ मध्ये महिला आंतरराष्ट्रीय मास्टर ही पदवी मिळविणारी पहिली भारतीय स्त्री ठरली; आणि १९८१ साली रोहिणी वयाच्या अठराव्या वर्षी आशियाई विजेती झाली.

त्या तेरा वर्षांच्या मुलीने आणखी एक गोष्ट केली. त्याच वर्षी ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळावयास उतरली. तोपर्यंत कोणीही स्त्री त्या स्पर्धेत उतरलेली नव्हती. त्यावर मोठा गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष मॅक्स यूव्ह यांनी असा निर्णय दिला की, राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. विद्यार्थिमित्रहो, येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. आक्षेप तिच्या खेळाला नव्हता. आक्षेप ती कोण आहे, याला होता. पटावरील चाल कोणी चालली हे पटाला ठाऊक नसते; ते माणसांनाच ठाऊक असते आणि माणसेच त्याचा बाऊ करतात.

ज्या देशात दिव्याने विश्वचषक जिंकला, तो जॉर्जिया देश तर अशा मुलींचे माहेरघरच आहे. १९६२ साली तेथील नोना गाप्रिन्दाश्विली या एकवीस वर्षांच्या युवतीने एलिसावेता बिकोवा या सुमारे अठ्ठेचाळीस वर्षांच्या जगज्जेतीला नऊ विरुद्ध दोन गुणांनी हरविले. सोळा वर्षे तिने हे पद राखले. १९७८ साली तिच्यासमोर आव्हान घेऊन आली ती तिच्याच देशाची माया चिबुर्दानिद्झे. नोना ३७ वर्षांची, माया १७ वर्षांची! माया जिंकली. पुढे १९९१ मध्ये हीच माया तिशीत असताना चीनच्या विशीतील शिये जुनकडून पराभूत झाली. कालची बालविजेती अशा रीतीने आजची ज्येष्ठ होते आणि आपल्या जागी बसणारीला वाट करून देते. परंतु वाट करून देणे म्हणजे खेळ सोडून देणे नव्हे. नोना गाप्रिन्दाश्विली सत्तरी ओलांडल्यावरही ज्येष्ठांच्या जागतिक स्पर्धा जिंकीत राहिल्या.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. लहान वयात थोरांना जिंकणे बुद्धिबळात कसे शक्य होते? कित्येकांना यात काही दैवी चमत्कार आहे असे वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. १९७३ साली विल्यम चेस व हर्बर्ट सायमन या अमेरिकन संशोधकांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. खऱ्या डावातील मोहऱ्यांची मांडणी काही सेकंद दाखवून पट झाकावयाचा आणि ती मांडणी आठवणीने पुन्हा मांडावयास सांगावयाचे. निष्णात खेळाडूंनी ती बहुतांशी बिनचूक मांडली. नवशिक्यांना थोडीच मोहरी आठवली. मग मोहरी पटावर कशीही, अर्थशून्य रीतीने मांडून तोच प्रयोग केला. तेव्हा निष्णातांची आघाडी जवळजवळ नाहीशी झाली! याचा अर्थ असा की, त्यांची स्मरणशक्ती सर्वच बाबतींत असामान्य नसते. आपण वाचताना एकेक अक्षर न जुळविता सबंध शब्द एकदम ओळखतो, त्याप्रमाणे ते मोहऱ्यांचे समूह ओळखतात. आणि ही ओळख सवयीने होते. पाच वर्षांच्या वयात पटाशी बसलेल्या मुलीजवळ पंधराव्या वर्षी दहा वर्षांचा अभ्यास जमा झालेला असतो. तिचे वय लहान असले तरी तिचा अभ्यास लहान नसतो.

याला दोन गोष्टींची जोड मिळते. एक म्हणजे तरुण शरीराचा टिकाव. पाच-पाच तास एकाग्र बसणे हे शारीरिक श्रमाचेही काम आहे, आणि १०१ चालींचा डाव खेळून दुसऱ्या दिवशी पुन्हा ताज्या मनाने बसणे तरुणाला सोपे जाते. दुसरी म्हणजे संगणक. पूर्वी डावाच्या आरंभीच्या चालींचे ज्ञान दुर्मिळ पुस्तकांतून व गुरुमुखातून मिळे. ते जमविण्यातच निम्मे आयुष्य जाई. आज नागपूरच्या किंवा सुरतेच्या घरात बसलेल्या मुलीला ते सारे ज्ञान संगणकावर उपलब्ध असते. वर्षानुवर्षे साठविलेल्या ज्ञानाची ज्येष्ठांजवळील शिल्लक त्यामुळे काहीशी कमी झाली आहे.

तथापि ती संपलेली नाही. कोणता डाव लढवावा व कोणता बरोबरीत सोडावा, मोहरी थोडी उरल्यावर धीर कसा धरावा, आदल्या दिवशीचा पराभव मनातून कसा काढावा, हे शहाणपण वयानेच येते. हम्पींच्या कन्येचा जन्म २०१७ साली झाला. त्या सुमारास त्या काही काळ खेळापासून दूर होत्या. परत आल्यावर २०१९ मध्ये मॉस्को येथे आणि २०२४ मध्ये न्यूयॉर्क येथे त्या जलद बुद्धिबळाच्या जगज्जेत्या झाल्या. जलद डावात तरुणांचीच सरशी व्हावयाची, अशी समजूत असताना सदतीस वर्षांच्या मातेने ते पद मिळविले! तात्पर्य, बुद्धिबळात तारुण्याजवळ काही असते आणि ज्येष्ठतेजवळही काही असते. तराजूची दोन्ही पारडी भरलेली असतात. म्हणून सामना खरा रंगतो.

आता सर्वच खेळांत असे असते काय, हा आमचा दुसरा प्रश्न. त्यासाठी वाचकांस एका सर्वस्वी निराळ्या खेळाकडे नेणे भाग आहे. आमच्या सुरतेत बर्फ दिसतो तो बरफगोळ्याच्या हातगाडीवर. तापीचे पाणी गोठल्याचे कोणी ऐकलेले नाही. चाकांचे स्केट बांधून गुळगुळीत फरशीवर धावणारी मुले मात्र आपण पाहिली आहेत. थंड देशांत चाकांऐवजी पोलादी पाते लावलेले बूट घालून बर्फावर घसरतात, आणि संगीताच्या साथीने उड्या, गिरक्या व नृत्य यांची गुंफण करतात. याला फिगर स्केटिंग म्हणतात. पंच प्रत्येक उडीला व एकंदर सादरीकरणाला गुण देतात. या खेळात महिलांच्या स्पर्धेत पंधरा-सोळा वर्षांच्या मुली पंचविशीतील स्त्रियांना वारंवार मागे टाकीत आल्या आहेत.

याचे कारण पदार्थविज्ञानात सापडते. फिरत्या खुर्चीवर हात पसरून बसावे, मित्राला खुर्ची फिरवावयास सांगावे आणि मग हात एकदम छातीशी घ्यावे. खुर्चीचा वेग तत्काळ वाढतो. यास कोनीय संवेगाची अक्षय्यता म्हणतात. शरीराचा भार अक्षाच्या जितका जवळ, तितकी गिरकी वेगवान. चार फेऱ्यांची उडी मारणाऱ्या मुलीला त्या चारही फेऱ्या हवेतच, सेकंदाच्या सुमारे दोन तृतीयांश वेळात पूर्ण करावयाच्या असतात. सडपातळ, हलक्या शरीराला हे जमते. मुलगी वाढीला लागली, उंची व वजन वाढले, अंग भरू लागले की तीच उडी अवघड होते. म्हणजे बुद्धिबळातील मुलगी जिंकते ती तिने मिळविलेल्या विद्येमुळे. बर्फावरील मुलगी मेहनत तितकीच करते, परंतु तिच्या विजयाचा काही अंश अशा गोष्टीवर अवलंबून असतो की, जी काळ तिच्याकडून निश्चितपणे काढून घेणार आहे. हा भेद मूलगामी आहे.

पूर्वी असे नव्हते. नॉर्वेची सोन्या हेनी १९२४ साली शामोनी येथील पहिल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये अकराव्या वर्षी उतरली. आठ स्पर्धकांत तिचा क्रमांक शेवटचा लागला! परंतु १९२७ ते १९३६ अशी सलग दहा वर्षे ती जगज्जेती राहिली व तीन ऑलिंपिक सुवर्णपदके तिने मिळविली. त्या काळी बर्फावर पात्याने ठराविक वर्तुळाकृती बिनचूक काढणे हा स्पर्धेचा मोठा भाग असे. सुंदर हस्ताक्षराप्रमाणे ती विद्या अनेक वर्षांच्या धिम्या सरावानेच येई, आणि म्हणून अनुभवाला मोल होते. १९९० नंतर जागतिक स्पर्धांतून या आकृती काढून टाकण्यात आल्या. प्रेक्षकांना त्या कंटाळवाण्या वाटत. परंतु ज्येष्ठांच्या पारड्यातील एक मोठे वजनही त्याबरोबर गेले. उड्यांचे महत्त्व वाढले आणि विजेत्यांचे वय खाली येऊ लागले.

डिसेंबर २००५ मध्ये टोकियो येथे जपानच्या पंधरा वर्षांच्या माओ असादाने रशियाच्या २६ वर्षांच्या इरिना स्लुत्स्काया हिला हरविले; परंतु वयाची अट ८७ दिवसांनी हुकल्यामुळे दोनच महिन्यांनी झालेल्या ऑलिंपिकमध्ये तिला खेळता आले नाही. २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये रशियाची अलिना झागितोवा पंधराव्या वर्षी विजयी झाली. दुसरा क्रमांक आला तो तिच्याच शिक्षिकेकडे शिकणाऱ्या अठरा वर्षांच्या एव्हगेनिया मेदवेदेवा हिचा. दीर्घ सादरीकरणात दोघींना अगदी समसमान गुण मिळाले होते; लघु सादरीकरणातील १.३१ गुणांच्या आघाडीने सुवर्णपदकाचा निर्णय केला. उत्तरार्धात मारलेल्या उड्यांना त्या काळी दहा टक्के अधिक गुण मिळत. म्हणून झागितोवाने आपल्या साऱ्या उड्या उत्तरार्धात ठेवल्या होत्या. स्पर्धेनंतर त्याच वर्षी या नियमाला मर्यादा घालण्यात आली.

आणि आता तिसरा प्रश्न : त्या बालविजेतीचे पुढे काय झाले? झागितोवा २०१९ मध्ये जगज्जेती झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात, सतराव्या वर्षी, स्पर्धांतून बाजूला झाली. तिच्या आधीची युलिया लिपनित्स्काया हिने २०१४ साली पंधराव्या वर्षी सांघिक सुवर्णपदक मिळविले होते. अन्न नकोसे होण्याच्या गंभीर आजाराशी झगडून २०१७ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, तिने खेळ सोडला. २०२२ च्या ऑलिंपिकमध्ये कामिला वालिएवा या पंधरा वर्षांच्या मुलीच्या आदल्या डिसेंबरातील तपासणीत मनाई असलेले औषध सापडल्याचे स्पर्धा चालू असतानाच उघड झाले. साऱ्या जगाच्या नजरा रोखलेल्या असताना ती बर्फावर उतरली, पुनःपुन्हा पडली आणि चौथी आली. २०२४ च्या जानेवारीत क्रीडा लवादाने तिच्यावर चार वर्षांची बंदी घातली. ते औषध तिच्या शरीरात कसे गेले याचा वाद कितीही झाला, तरी एक गोष्ट निर्विवाद आहे : तिच्याभोवती वैद्य होते, शिक्षक होते, अधिकारी होते, आणि शेवटी दंड भोगावयास पुढे उभी राहिली ती एक शाळकरी मुलगी.

या प्रकरणानंतर, जून २०२२ मध्ये, आंतरराष्ट्रीय स्केटिंग महासंघाने प्रौढ गटातील स्पर्धेसाठी किमान वय पंधरावरून सतरा करण्याचे ठरविले. ही वाढ टप्प्याटप्प्याने झाली व २०२४-२५ च्या हंगामापासून सतराची अट पूर्णपणे लागू झाली. हा मुलींवर अन्याय आहे, असे काहींना वाटले. हुशार मुलीने वाट का पाहावी, असा त्यांचा प्रश्न. प्रश्न गैर नाही. परंतु दोन वर्षे थांबल्याने जी विद्या नष्ट होते, ती विद्या मुळात किती पक्की होती, हाही प्रश्न विचारावयास हवा. जपानच्या काओरी साकामोतो हिने २०२२ ते २०२४ अशी सलग तीन वर्षे जगज्जेतेपद मिळविले, ते एकविसाव्या वर्षानंतर, चार फेऱ्यांच्या उडीवाचून, वेग व घोटीव कौशल्य यांच्या बळावर. इटलीच्या कॅरोलिना कोस्टनर हिने २०१४ मध्ये सत्तावीस वर्षांची असताना ऑलिंपिक कांस्यपदक जिंकले. म्हणजे बर्फावरही ज्येष्ठतेला जागा आहे. नियम करणाऱ्यांनी ती राखली पाहिजे, इतकेच.

या संदर्भात अमेरिकेच्या अलिसा लियू हिची हकीकत विशेष बोलकी आहे. २०१९ साली ती तेराव्या वर्षी आपल्या देशाची राष्ट्रीय विजेती झाली. आपल्या रोहिणी खाडिलकरचेही वय राष्ट्रीय विजेतेपदाच्या वेळी तेवढेच होते. लियू इतकी लहानखुरी होती की, विजयमंचाच्या उंच पायरीवर चढण्यास तिला तिने हरविलेल्या दोघी ज्येष्ठ स्पर्धकांनी हात दिला. पुढे २०२२ मध्ये, सोळाव्या वर्षी, तिने खेळाचा कंटाळा येऊन निवृत्ती पत्करली. दोन वर्षे ती सामान्य मुलीप्रमाणे राहिली. मग कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर स्वतःला हवे म्हणून ती परतली, आणि मार्च २०२५ मध्ये बोस्टन येथे जगज्जेती झाली. त्या वेळी ती एकोणीस वर्षांची होती. दिव्या देशमुख व अलिसा लियू या दोघींचे जन्मवर्ष २००५. दोघींनी जगातील मोठे यश मिळविले ते २०२५ मध्ये. एकीला मध्ये थांबावे लागले, दुसरीला लागले नाही. या फरकात त्यांच्या स्वभावाचा वाटा असेलच. परंतु दोन खेळांच्या घडणीचाही वाटा आहे, असे आम्हांस वाटते.

याचा अर्थ बुद्धिबळात सारे काही निर्मळ आहे, असा मात्र कोणी करू नये. तेथे वयाची किमान अट नाही. त्यामुळे मुलांना जपण्याची सारी जबाबदारी आईबापांवर व शिक्षकांवर पडते. स्पर्धांचा प्रवासखर्च, बुडणारी शाळा, हरल्यानंतरचे रडू आणि जिंकल्यानंतरच्या वाढत्या अपेक्षा, हे सारे तेथेही आहेच. मुलींच्या वाट्याला आणखी एक त्रास येतो. २०२४ च्या जानेवारीत नेदरलँड्समधील वाइक आन झे येथील स्पर्धेनंतर दिव्याने जाहीरपणे सांगितले की, प्रेक्षक आपल्या खेळापेक्षा आपले कपडे, केस व उच्चार यांचीच चर्चा करतात. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. बर्फावरच्या खेळात सादरीकरणाचे गुण असतात, म्हणून तेथे रूपाकडे लक्ष जाते असे एक वेळ म्हणता येईल. परंतु चौसष्ट घरांच्या पटावर रूपाचा संबंध काय? १९७६ साली रोहिणीला विचारला गेलेला 'तू येथे कशी?' हा प्रश्नच वेष बदलून परत आला होता. दिव्याने त्याला शब्दांनी उत्तर दिले आणि पुढील दीड वर्षात खेळानेही दिले.

बातुमीच्या विजयानंतर तिने आपले पहिले शिक्षक राहुल जोशी यांची आठवण काढली. हे यश पाहण्यास ते हयात नव्हते. २०२० मध्येच त्यांचे निधन झाले होते. शिष्येने ग्रँडमास्टर व्हावे, ही त्यांची इच्छा होती. शिक्षकांच्या वाट्याला येणारे हे मोठेच पारितोषिक होय. आपण लावलेले झाड लवकरात लवकर किती फळे देईल, हे पाहणारा एक माळी असतो. आणि ते झाड आपल्यामागेही उभे राहील ना, हे पाहणारा दुसरा. दोघेही पाणी घालतात. परंतु दुसऱ्याच्या हातचे झाड पुष्कळ वर्षे जगते.

म्हणून एखाद्या खेळाची, शाळेची किंवा घराचीही पारख करताना 'तुमची विजेती किती लहान आहे?' असे विचारू नये. 'तुमची दहा वर्षांपूर्वीची विजेती आज कोठे आहे?' असे विचारावे. ती अजून खेळत असेल, शिकवीत असेल, किंवा खेळ सोडूनही आनंदाने आपले काम करीत असेल, तर तेथे मुलांना जपले गेले असे समजावे. तिचे नावही कोणाला आठवत नसेल, किंवा तिला त्या खेळाचे नावही नकोसे झाले असेल, तर कपाटातील ढाली मोजण्यात अर्थ नाही. जयश्री खाडिलकर पुढे 'नवाकाळ'च्या संपादक झाल्या. हम्पी आई होऊनही जगज्जेत्या झाल्या. नोना वृद्धपणीही पटाशी बसतात. हीच खरी मोजणी.

शेवटी आमच्या विद्यार्थिनींस व विद्यार्थ्यांस दोन शब्द. तुमच्यापैकी कोणी लहान वयात मोठ्यांच्या स्पर्धेत उतरेल, तर निःशंकपणे उतरा. समोरच्याचे वय पाहून हात आखडू नका. आदर मनात असावा, भीती हातात नसावी. परंतु जिंकल्यावर हेही स्मरणात ठेवा की, समोर बसलेली ती ज्येष्ठ व्यक्ती एके काळी तुमच्याएवढीच होती, आणि तिने खणलेल्या वाटेवरूनच तुम्ही येथवर आलात. आणि तुमच्यापैकी पुष्कळांना, किंबहुना बहुतेकांना, असे यश तेराव्या किंवा पंधराव्या वर्षी मिळणार नाही. त्यांनी मुळीच खंत करू नये. जी विद्या वयाबरोबर वाढते, तिला उशीर म्हणून काही नसतो. ती रोज थोडी थोडी करावी, आणि आवडीने करावी. म्हणजे वीस वर्षांनी कोणी तुमच्याविषयी हाच प्रश्न विचारला, तर त्याचे उत्तर समाधानकारक येईल.